वाढत्या वस्तीसाठी अग्निशमन आणि आपत्कालीन सेवेचा विस्तार: मिनिटांपासून केंद्रापर्यंत

वस्ती वाढली की पहिली मागणी येते नव्या बंबाची आणि दुसरी नव्या केंद्राच्या इमारतीची. दोन्ही गोष्टी डोळ्यांना दिसतात, त्यामुळे तिथूनच सुरुवात करायचा मोह होतो. आराखडा मात्र उलट्या बाजूने करावा लागतो. आधी मिनिटं ठरवायची, मिनिटांवरून अंतर, अंतरावरून केंद्रांच्या जागा, मग बंबातल्या खुर्च्या, त्या खुर्च्यांसाठी लागणारी माणसं आणि सगळ्यात शेवटी गाड्या नि इमारत. हा क्रम चुकला की केंद्रात बंब उभा राहतो, पण तो घेऊन निघायला पाळीवर पुरेशी माणसं नसतात.

आधी मिनिटं ठरवा

बंद खोलीत आग लागली की छताखाली गरम धुराचा थर जमतो. त्याचं तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की खोलीतलं सगळं सामान जवळजवळ एकाच क्षणी पेट घेतं. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर त्या खोलीतलं माणूस वाचत नाही आणि आग दाराबाहेर पडते. अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीजच्या चाचण्यांत फोम आणि कृत्रिम कापडाचं फर्निचर असलेली खोली पाच मिनिटांच्या आत या टप्प्याला पोचली. जुन्या पद्धतीच्या लाकूड-कापसाच्या खोलीला अर्ध्या तासाच्या जवळपास वेळ लागला.

आता सेवेच्या बाजूने मिनिटं मोजा. फोन घेऊन पत्ता नक्की करून वर्दी देणं ६० सेकंद, वर्दी मिळाल्यापासून चाकं हलेपर्यंत ८० सेकंद, प्रवास २४० सेकंद. एकूण ६ मिनिटं २० सेकंद. शेवटचे दोन आकडे अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या (एनएफपीए) १७१० या मानकातले आहेत आणि पूर्णवेळ दलांसाठी जगभर संदर्भाला घेतले जातात. गाडी थांबल्यावर होज पसरून पाणी सुटायला आणखी दीड-दोन मिनिटं जातात. म्हणजे उत्तम चाललेली सेवासुद्धा आगीच्या पहिल्या खोलीत फ्लॅशओव्हरच्या आधी पोचेलच असं नाही. तिचं काम शेजारची खोली, वरचा मजला आणि अडकलेली माणसं वाचवणं हे आहे. पहिली खोली वाचवायची तर धूरसूचक यंत्रं आणि स्प्रिंकलर लागतात. म्हणून ते याच आराखड्याचा भाग आहेत, त्यांना वेगळ्या खात्याचा विषय समजू नका.

रोग्याची मिनिटं आणखी कठोर असतात. हृदय बंद पडल्यावर छातीदाब आणि विजेचा झटका मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. त्यामुळे रुग्णवाहिका लांब असेल तर जवळच्या बंबावर झटका देणारं यंत्र आणि ते वापरणारा प्रशिक्षित जवान ठेवणं हा सगळ्यात स्वस्त विस्तार ठरतो.

वर्द्यांच्या नोंदी साफ करा

मागच्या तीन ते पाच वर्षांच्या सगळ्या वर्द्या एका तक्त्यात घ्या. प्रत्येकीसाठी घड्याळाच्या पाच नोंदी हव्यात: फोन वाजला, केंद्राला वर्दी दिली, गाडी निघाली, गाडी पोचली, गाडी मोकळी झाली. सोबत ठिकाण, प्रकार, कुठली गाडी गेली आणि त्या वेळी ती आपल्या केंद्रातूनच निघाली होती का, हेही नोंदवा.

कच्च्या नोंदींत हमखास घाण असते. पोचल्याचं बटण दाबायचं राहून जातं आणि परत निघताना दाबलं जातं, मग प्रवास ४० मिनिटांचा दिसतो. निघालो आणि पोचलो ही दोन्ही बटणं एकदम दाबली की प्रवास शून्य दिसतो. वाटेत रद्द झालेल्या आणि सायरन न लावता केलेल्या फेऱ्या वेगळ्या काढा. उंच इमारतींच्या बाबतीत गाडी फाटकाशी पोचल्याची वेळ पुरत नाही. लिफ्टची वाट पाहून पंधराव्या मजल्यावरच्या दारापर्यंत जायला आणखी काही मिनिटं लागतात, ती कुठेच नोंदली जात नाहीत. महिनाभर दोन-तीन पाळ्यांना दाराशी पोचल्याची वेळ वायरलेसवर सांगायला लावा, खरा आकडा कळतो.

सरासरीवर कधीही विसंबू नका. समजा दहा वर्द्यांना लागलेली मिनिटं अशी: ४, ४, ५, ५, ५, ६, ६, ७, १२, १६. सरासरी ७ येते आणि अहवालात छान दिसते. पण दहापैकी नऊ वर्द्यांना किती वेळात पोचलो, असं विचारलं तर उत्तर १२ येतं. ज्या घरी १२ आणि १६ मिनिटं लागली, ती घरं नकाशावर बहुधा एकाच बाजूला असतात आणि ती बाजू नव्या वस्तीची असते. उद्दिष्ट नेहमी ‘शंभरातल्या नव्वद वर्द्यांना इतक्या वेळात’ अशा शब्दांत लिहा.

वाढ म्हणजे फक्त लोकसंख्या नव्हे

दर हजार लोकांमागे वर्षाला किती वर्द्या येतात हा आकडा काढून पुढच्या लोकसंख्येला गुणणं ही सुरुवात झाली. हजारी ५० वर्द्या असतील तर २०,००० नव्या रहिवाशांमागे वर्षाला १,००० वर्द्या वाढतील. मात्र वृद्धांची वस्ती वाढली तर वैद्यकीय वर्द्या यापेक्षा बऱ्याच जास्त येतात. गोदामं वाढली तर वर्द्या कमी येतात, पण जी येते ती मोठी असते. दिवसा कामाला येणारी माणसं रहिवाशांच्या यादीत नसतात, तरी रस्त्यावर अपघात त्यांचेही होतात.

बांधकाम परवान्यांची यादी दर तिमाहीला मागवा आणि प्रत्येक प्रकल्पापुढे चार गोष्टी लिहा: मजले, तळमजल्याचं क्षेत्रफळ, काय साठवणार आणि रस्ता किती रुंद. लिथियम बॅटऱ्यांचे साठे आणि तळघरातली चार्जिंगची ठिकाणं यांची नोंद वेगळी ठेवा. त्यांना पाणी फार लागतं आणि विझल्यासारखी वाटलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, म्हणजे एक गाडी तिथेच अडकून पडते.

परवाना देतानाच ज्या अटी घालता येतात, त्या नंतर कुठल्याही खर्चाने मिळत नाहीत. बंबाच्या रस्त्याला किमान ६ मीटर मोकळी रुंदी आणि सव्वाचार मीटरच्या आसपास मोकळी उंची. ४५ मीटरपेक्षा लांब बंद गल्लीच्या टोकाला गाडी वळवायची जागा. मोठ्या वसाहतीला दुसरा प्रवेशरस्ता. रस्त्यावरून वाचता येतील असे घरक्रमांक. ही यादी नगररचना विभागाच्या टेबलावर आजच पोचली पाहिजे.

अंतर आणि केंद्राची जागा

चार मिनिटांत बंब किती लांब जातो? अमेरिकेतल्या रँड संस्थेच्या अभ्यासातून आलेलं आणि अजूनही वापरात असलेलं सूत्र किलोमीटरमध्ये असं मांडता येतं: मिनिटं = ०.६५ + (१.०६ × किलोमीटर). चार मिनिटांसाठी उत्तर येतं ३.१६ किलोमीटर, आणि तेही रस्त्याने. सरळ रेषेतलं अंतर साधारण १.३५ ने भागून काढलं तर २.३ किलोमीटर उरतं. नकाशावर कंपासने ३ किलोमीटरचं वर्तुळ काढणाऱ्या आराखड्यात वर्तुळाच्या कडेवरची सगळी घरं आधीच उशिरात गेलेली असतात.

हे सूत्र सरासरी शहरी रस्त्यांसाठी आहे. आपल्या नोंदींतल्या शंभरेक फेऱ्यांचं अंतर आणि वेळ आलेखावर टिपून ते तपासा. गर्दीच्या वेळेसाठी वेगळी रेषा काढा. रेल्वे फाटक, एकच पूल, पावसात बुडणारा भुयारी रस्ता आणि कुलूपबंद वसाहतींची फाटकं नकाशावर हाताने टिपा, कारण नकाशाच्या सॉफ्टवेअरला ती दिसत नाहीत.

नवं केंद्र नव्या वस्तीच्या मधोमध असावं असं वाटणं साहजिक आहे. बहुतेक वेळा ते चूक असतं. जागा अशी निवडा की नवी वस्तीही पोचात येईल आणि शेजारच्या केंद्राचा बंब बाहेर गेला असताना त्याच्या भागाचा मोठा तुकडा सांभाळता येईल. केंद्र मुख्य रस्त्याला लागून असलेल्या उपरस्त्यावर ठेवा. अगदी सिग्नलच्या चौकात ठेवलं तर थांबलेल्या गाड्यांची रांग दारासमोर येते. विकासकाने फुकट देऊ केलेला भूखंड पुष्कळदा वस्तीच्या टोकाला, सखल भागात असतो. त्याचा चार मिनिटांचा नकाशा काढल्याशिवाय तो स्वीकारू नका. केंद्र तिथे पुढची ५० वर्षं राहणार आहे.

एकच गाडी किती वर्द्या सांभाळेल

अंतर बरोबर असूनही उशीर होतो, कारण गाडी आधीच दुसरीकडे गेलेली असते. रुग्णवाहिकेला दिवसाला ७ वर्द्या आणि प्रत्येक वर्दीला रुग्णालयात सोपवून मोकळी होईपर्यंत ७० मिनिटं धरा. ४९० मिनिटं, म्हणजे दिवसाचा ३४ टक्के भाग. ढोबळमानाने दर तिसरी वर्दी येते तेव्हा गाडी जागेवर नसते, आणि वर्द्या दिवसा जास्त येत असल्याने सकाळी दहा ते रात्री आठमध्ये हे प्रमाण आणखी वाईट असतं. चोवीस तासांच्या पाळीवरच्या गाडीचा व्यस्त वेळ २५ ते ३० टक्क्यांवर गेला की पुढच्या गाडीची तयारी सुरू करा. दुसरी गाडी पूर्ण २४ तासांची नसली तरी चालते. गर्दीच्या १२ तासांची गाडी निम्म्या माणसांत बहुतेक भार उचलते.

खुर्च्या आणि माणसं

बहुतेक आराखडे इथेच कोसळतात, म्हणून हा हिशेब बैठकीतच फळ्यावर मांडा.

बंबातली एक खुर्ची वर्षभर, रात्रंदिवस भरलेली ठेवायची तर ८,७६० तास लागतात. आठवड्याला ४८ तास काम करणारा जवान कागदावर २,४९६ तास देतो. त्यातून रजा २००, आजारपण ८०, केंद्राबाहेरचं प्रशिक्षण १०० आणि इतर ४० तास वजा करा. उरतात २,०७६. आता ८,७६० भागिले २,०७६ म्हणजे ४.२२. एका खुर्चीला सव्वाचार माणसं लागतात. एनएफपीए १७१० प्रमाणे बंबावर किमान चार जण हवेत, म्हणजे १७ माणसं. रुग्णवाहिकेच्या दोन खुर्च्या धरल्या तर एकूण २६. तीन पाळ्या आहेत म्हणून ‘चार त्रिक बारा’ असा हिशेब करणाऱ्या केंद्रात पहिल्याच वर्षी बंबावर दोन-तीन जण उरतात, बाकीचे दुहेरी पाळ्या करून थकतात आणि सोडून जातात.

वरचे तास तुमच्या नोंदींतून घ्या. आजारपणाचे तास नेहमी कमी धरले जातात.

चारच का? दोघे आत शिरतात आणि दोघे बाहेर तयार राहतात, म्हणजे आतल्यांवर संकट आलं तर त्यांना काढणारं कोणी असतं. तिघांचा बंब पोचला तर त्याला दुसऱ्या गाडीची वाट पाहावी लागते, आणि मोठ्या कष्टाने वाचवलेली मिनिटं दाराशीच निघून जातात. स्वयंसेवक किंवा बोलावल्यावर येणारे जवान असतील तर यादीतल्या नावांवर जाऊ नका. कामाच्या दिवशी दुपारी दोन वाजता घंटा वाजली तर किती जण खरोखर येतात, ते सलग सहा महिने मोजा.

पाणी

किती पाणी लागेल याचा झटपट अंदाज असा: पेटलेल्या मजल्याचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्या आणि १३.६ ने गुणा, मिनिटाला लागणारे लिटर मिळतात. १२ गुणिले १० मीटरचं घर, म्हणजे १२० चौरस मीटर, १,६३० लिटर प्रति मिनिट. ३८ मिलिमीटरच्या होजमधून साधारण ४०० लिटर मिळतात, म्हणजे चार होज हवेत आणि प्रत्येकावर किमान दोन माणसं. ३,००० लिटरच्या टाकीचा बंब एका होजला साडेसात मिनिटं पुरतो, चार होजना दोन मिनिटंही पुरत नाही. तेवढ्या वेळात बाहेरचं पाणी जोडलं गेलंच पाहिजे.

हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी जोडायचा रस्त्यावरचा नळखांब, लाल रंगाचा दिसतो म्हणून त्यात पाणी असेल असं गृहीत धरू नका. प्रत्येक नव्या भागात चाचणी घ्या. एका हायड्रंटवर दाबमापक लावा, शेजारचा पूर्ण उघडा, त्याच्या तोंडाशी पिटो नळीने (धारेचा दाब मोजणारी बारीक नळी) प्रवाह मोजा आणि पहिल्यावरचा दाब पुन्हा वाचा. समजा बंद असताना दाब ४.५ बार, मिनिटाला १,२०० लिटर सोडल्यावर ३.३ बार. दाब १.४ बारच्या खाली जाऊ द्यायचा नाही, नाहीतर गळक्या जोडांतून घाण पाणी मुख्य वाहिनीत ओढलं जाऊ शकतं. मग उपलब्ध पाणी = १,२०० × [(४.५ − १.४) ÷ (४.५ − ३.३)] चा ०.५४ घात. उत्तर साधारण २,००० लिटर. घरांना ते पुरेल, गोदामाला नाही. चाचणी सकाळी, नळांना सगळ्यात जास्त मागणी असते तेव्हा घ्या. रात्री घेतलेला आकडा फसवतो. नव्या वसाहतीत १०० मिलिमीटरऐवजी १५० मिलिमीटरची वाहिनी टाकली तर त्याच दाबाला जवळपास तिप्पट पाणी मिळतं. खोदाईचा खर्च मात्र दोन्हींना तोच असतो.

हायड्रंट नाहीत तिथे टँकरच्या फेऱ्या लागतात, आणि इथे एक चूक पुन्हा पुन्हा होते. १०,००० लिटरच्या टँकरमधलं वापरता येणारं पाणी ९,००० धरा. मिनिटाला १,००० लिटरने भरायला ९ मिनिटं, जोडायला-सोडायला २, जाऊन-येऊन प्रवास १२, रिकामा करायला ३. एक फेरी २६ मिनिटांची, म्हणजे मिनिटाला ३४६ लिटर. दोन टँकरनी ६९२. तिसऱ्याने १,०३८ व्हायला हवेत, पण होत नाहीत. भरण्याच्या जागी प्रत्येक टँकर ११ मिनिटं अडवतो, तिघांना ३३ लागतात आणि रांग लागते. हाती पडतात ८१८. तिसरा टँकर घेण्याआधी भरण्याचा वेग मिनिटाला २,००० लिटर करा, मग फेरी साडेएकवीस मिनिटांची होते आणि तेच तीन टँकर १,२५० च्या वर देतात. एक चांगला पंप आणि मोठी जोडणी टँकरपेक्षा कितीतरी कमी पैशांत येतात.

गाड्या

सगळ्यात उंच शिडीची गाडी सगळ्यांना हवी असते. आधी रस्ते मोजा. मोठ्या शिडीच्या गाडीला ती उलटू नये म्हणून दोन्ही बाजूंचे टेकू पसरायला पाच-सहा मीटर रुंदी लागते, पुलांना तिचं वजन झेपावं लागतं आणि वळणावर मागचा भाग बाहेर येतो. उभ्या केलेल्या मोटारींमुळे टेकू पसरत नसतील तर ती शिडी त्या गल्लीत निरुपयोगी आहे. ठरावाआधी तेवढ्या मापाचा ट्रक घेऊन संध्याकाळी सात वाजता नव्या गल्ल्यांतून प्रत्यक्ष फिरा.

प्रत्येक तीन-चार गाड्यांमागे एक राखीव गाडी धरा. बंब दुरुस्तीला आठवडेच्या आठवडे अडकतो. १५ वर्षांनंतर पहिल्या फळीतून राखीवमध्ये आणि २५ वर्षांनंतर सेवेतून बाहेर हा नियम बरा. अंगावरच्या पोशाखाची मुदत १० वर्षं, पाठीवरच्या श्वसनाच्या हवेच्या कंपोझिट (धाग्यांनी गुंडाळलेल्या हलक्या) सिलिंडरची १५, आणि त्याची दाबचाचणी ठरलेल्या मुदतीत. हे सगळं बदलण्याचा खर्च पहिल्या अंदाजपत्रकातच दर वर्षाला वाटून ठेवा, नाहीतर दहाव्या वर्षी सगळ्यांचे पोशाख एकदम बाद होतात.

इमारत

रात्री दोन चाळीसला घंटा वाजते. दिवा लागतो, जवान पलंगावरून उठतो, दार, व्हरांडा, जिना, पुन्हा दार. पँट बुटांवर गुंडाळून ठेवलेली असते, तीत पाय घालून वर ओढतो, कोट, टोपी, गाडीत चढून पट्टा. हे सगळं ८० सेकंदांत व्हायचं आहे. झोपायची खोली गाडीपासून ४० मीटर लांब असेल तर त्यातले पंचवीसेक सेकंद नुसत्या चालण्यात जातात. आराखडा मंजूर करताना प्रत्येक खोलीपासून गाडीच्या दारापर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि जिने शक्य तितके टाळा.

गाड्या मागून आत येऊन पुढून बाहेर जातील अशा आरपार बे (गाडी उभी करायचे गाळे) हव्यात. बंब मागे घेताना बरेच अपघात होतात. बेचं दार रुंदी-उंचीला प्रत्येकी सव्वाचार मीटरच्या आसपास ठेवा आणि पुढे पूर्ण गाडी मावेल इतकं अंगण. सुरुवातीला दोन गाड्या असल्या तरी तिसऱ्या बेची जागा आजच सोडा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचं काम कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं. म्हणून काजळीने माखलेले पोशाख झोपायच्या आणि जेवायच्या जागेपासून पूर्ण वेगळ्या, बाहेर हवा फेकणाऱ्या खोलीत ठेवा. गाडीचा धूर ओढून घेणारी नळी थेट नळकांड्याला जोडलेली हवी. आगीवरून परतलेला जवान बेमधून सरळ धुण्याच्या खोलीत आणि स्नानाला जाईल अशी वाट ठेवा. ही वाट नंतर बसवता येत नाही, भिंती फोडाव्या लागतात.

नियंत्रण कक्ष आणि शेजारची दलं

गाडीचं ठिकाण पडद्यावर दिसत असेल तर केंद्राच्या हद्दीऐवजी सर्वांत जवळची मोकळी गाडी पाठवता येते. वर्दी पूर्ण लिहून होण्याआधी, पत्ता आणि प्रकार कळताच घंटा वाजवा, बाकी माहिती वाटेत सांगा. नव्या इमारतींच्या तळघरात आणि लिफ्टच्या खड्ड्याशी वायरलेस चालतो का, ते ताबा देण्याआधी तपासा.

शेजारच्या दलाशी करार केला तर तो कागदावर ठेवून भागत नाही. १९०४ च्या बाल्टिमोरच्या आगीत बाहेरून आलेल्या दलांच्या होज तिथल्या हायड्रंटना बसल्या नाहीत आणि दीड हजारांहून जास्त इमारती जळाल्या. १९९१ मध्ये ओकलंडच्या टेकड्यांवरच्या आगीतही हायड्रंटची तोंडं वेगळ्या मापाची होती. तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या प्रत्येक जोडणीचं माप घ्या, अॅडाप्टर गाडीवर ठेवा आणि वर्षातून दोनदा एकत्र कवायत करा. वायरलेसची सामायिक वाहिनीही त्याच दिवशी तपासली जाते.

टप्पे आणि वेळापत्रक

केंद्र उघडण्याची तारीख ठरवून मागे मोजत या. जागा तीन ते चार वर्षं आधी ताब्यात हवी. बंबाची मागणी किमान दोन वर्षं आधी नोंदवा, शिडीची त्याहून आधी. भरती वर्षभर आधी सुरू करा, म्हणजे उघडण्यापूर्वी प्रशिक्षण आणि अनुभवी जवानांसोबतच्या पाळ्या पूर्ण होतील. नव्या केंद्रात सगळे नवखे पाठवू नका. जुन्या केंद्रातले निम्मे इकडे आणि नवे निम्मे तिकडे अशी मिसळ करा.

निर्णय तारखेवर बांधण्यापेक्षा उंबरठ्यांवर बांधा आणि ते ठरावात लिहून घ्या. चार मिनिटांच्या पोचाबाहेरच्या वर्द्या एकूण वर्द्यांच्या दहा टक्क्यांवर गेल्या की जागा घ्यायची. नव्वद टक्क्यांचा वेळ सलग दोन तिमाही उद्दिष्टाबाहेर गेला की भरती सुरू करायची. गाडीचा व्यस्त वेळ ३० टक्के झाला की गर्दीच्या वेळेची गाडी लावायची. घरं ठरल्याप्रमाणे उभी राहिली नाहीत तर खर्च पुढे जातो, वेगाने वाढली तर नव्याने चर्चा करत बसावं लागत नाही.

इमारत होईपर्यंत शेडमध्ये एक बंब आणि चार जण ठेवून तात्पुरतं केंद्र चालवणं उत्तम. त्यात वेळ वाचतोच, शिवाय जागा खरोखर योग्य आहे का तेही कळतं. तीन महिन्यांच्या वर्द्यांनंतर दुसरा चौक बरा वाटला, तर शेड हलवता येते.

अंदाजपत्रक मांडताना इमारत आणि गाड्यांचा आकडा एका रकान्यात आणि दहा वर्षांचे पगार, प्रशिक्षण, इंधन, देखभाल दुसऱ्या रकान्यात लिहा. दुसरा रकाना मोठा असतो. तो मंजूर झाल्याशिवाय पहिल्या रकान्यावर सही घेऊ नका.

केंद्र सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात, दिवसा एकदा आणि पहाटे तीनला एकदा, सगळ्यात लांबच्या गल्लीतून खोटी वर्दी द्या. फोन वाजल्यापासून होजमधून पाणी पडेपर्यंत घड्याळ चालू ठेवा, आणि आलेले दोन्ही आकडे पहिल्या बैठकीत ठरवलेल्या मिनिटांशेजारी लिहा.